माफीचा हिशेब अंदाजपत्रकात हवा

प्रति,
ठाणे महानगरपालिका आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका यांच्या महासभा, स्थायी समित्या व आयुक्त यांस

विषय : करसवलती, अभय योजना व माफी यांचा खर्च दरवर्षी जाहीर करण्याबाबत

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याने शहराचे अंदाजपत्रक तयार करण्याची जी पद्धत घालून दिली आहे, तिच्यात आयुक्तांनी जमाखर्चाचा अंदाज मांडावा, स्थायी समितीने तो तपासावा आणि महासभेने त्यास अंतिम मान्यता द्यावी, असे तीन टप्पे हेतुपुरस्सर वेगळे ठेवलेले आहेत. शिवाय पुढील वर्षाचे करांचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करावेत, असे याच अधिनियमाचे कलम ९९ सांगते. पैसा कोणाकडून आणि किती घ्यायचा हे खर्चाचे बेत पक्के होण्यापूर्वी उघड सभागृहात ठरावे, हा या तरतुदीमागील विचार स्पष्ट आहे. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकीय राजवट लागू झाली, तेव्हा हे तिन्ही टप्पे एकाच अधिकाऱ्याच्या सहीत सामावले गेले. प्रस्ताव मांडणारा, तो तपासणारा आणि त्यास मंजुरी देणारा एकच असल्यामुळे अंदाजपत्रकावर वादविवाद होण्यास जागाच उरली नाही. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर सभागृहे पुन्हा भरली असताना, या काळात नागरिकांच्या नजरेआड गेलेला एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवणे हे या पत्राचे प्रयोजन आहे. महानगरपालिका जो पैसा वसूल करत नाही, त्याचा हिशेब कोठेच मांडला जात नाही, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे महत्त्व महानगरपालिकांच्या उत्पन्नाच्या बदललेल्या रचनेत आहे. एके काळी शहराच्या वेशीवर मालावर घेतली जाणारी जकात हा उत्पन्नाचा मुख्य आधार होता. तिच्या जागी व्यापाऱ्यांच्या खरेदीवर आकारला जाणारा स्थानिक संस्था कर आला. ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी तो १ ऑगस्ट २०१५ पासून बंद झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच पूर्णपणे संपला. त्याच्या बदल्यात राज्य शासन महानगरपालिकांना नुकसानभरपाईचे अनुदान देते, ज्याची गणना २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून आणि दरसाल ८ टक्के वाढ गृहीत धरून केली जाते. हे अनुदान शहराच्या वाढत्या लोकसंख्येशी किंवा व्यापाराशी जोडलेले नाही आणि त्याचा दर ठरविणे सभागृहाच्या हाती नाही. सभागृहाच्या हाती उरलेला मोठा कर एकच, तो म्हणजे मालमत्ता कर. जे सभागृह या कराविषयीचा निर्णय निवडणुकीतील घोषणांवर सोपवते, ते आपल्या स्वायत्ततेचा शेवटचा भाग आपल्याच हाताने देऊन टाकते.

हा कर थकविणाऱ्यांसाठी वेळोवेळी जाहीर होणारी अभय योजना या दृष्टीने बारकाईने तपासण्याजोगी आहे. थकीत मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे विलंबाबद्दलचा दंड, आकारला जातो. अभय योजनेत ठरावीक मुदतीत मूळ रक्कम एकरकमी भरणाऱ्यास या शास्तीचा मोठा भाग माफ केला जातो, आणि कल्याण-डोंबिवलीत २०२० साली ही माफी ७५ टक्के होती. समजा, एखाद्या मालमत्ताधारकाने १०,००० रुपयांचे देयक तीन वर्षे थकविले, तर साध्या हिशेबाने त्यावर ७,२०० रुपये शास्ती होते. ७५ टक्के माफीनंतर त्याला त्यातील केवळ १,८०० रुपये भरावे लागतात, म्हणजे वर्षाला ६०० रुपये किंवा अवघे ६ टक्के. इतक्या कमी व्याजाने कोणतीही बँक व्यापाऱ्यास कर्ज देत नाही. ज्या गाळेधारकाकडे किंवा विकासकाकडे पैसा आहे, त्याने कर न भरता तो धंद्यात फिरवावा आणि पुढील अभय योजनेची वाट पाहावी, असा व्यवहारी सल्लाच ही योजना देते. आणि ज्या निवृत्त शिक्षकाने किंवा पोळीभाजी केंद्र चालविणाऱ्या महिलेने मुदतीत कर भरला, त्यांना त्यांच्या प्रामाणिकपणाची किंमत मोजावी लागते. मार्चअखेरीस वसुलीचा आकडा फुगतो हे खरे आहे, परंतु माफ केलेली शास्ती किती, ती कोणत्या वर्गाच्या मालमत्तांना मिळाली आणि पुढील वर्षी नव्याने किती थकबाकीदार झाले, हे तीन आकडे वसुलीच्या आकड्याशेजारी छापले जात नाहीत, तोपर्यंत योजना यशस्वी झाली असे म्हणण्यास आधार नाही.

सर्वच थकबाकी हेतुपुरस्सर नसते, याची जाणीव ठेवूनच हे म्हटले जात आहे. दुबार आकारणी झालेल्या सदनिका, न्यायालयीन वादात अडकलेल्या मालमत्ता, पाडून टाकलेल्या इमारतींच्या नावे वर्षानुवर्षे निघणारी देयके आणि शासकीय कार्यालयांकडील येणी यांची थकबाकी वेगळ्या जातीची आहे, तर बांधकाम पूर्ण होईपर्यंत विकासकांच्या मोकळ्या जमिनींवर आकारल्या जाणाऱ्या कराची थकबाकी, जिच्यावरून कल्याण-डोंबिवलीत दीर्घकाळ वाद झाला, ती अगदी वेगळी. या साऱ्यांना एकच माफी लागू करणे म्हणजे चुकीच्या देयकाने त्रासलेल्याला आणि बुडव्याला एका रांगेत उभे करणे होय. थकबाकीची वर्गवारी, कोणाचेही नाव न देता, जाहीर झाली तर खोटी देयके रद्द करता येतील आणि खरी वसूल करता येतील.

घरांना सवलत देण्याच्या मागणीबाबतही हाच आग्रह लागू होतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ झाला आणि ठाण्यात तसेच आश्वासन २०१७ च्या महानगरपालिका निवडणुकीपासून दिले जात आहे. लहान घरांना दिलासा द्यावा या भूमिकेस विरोध असण्याचे कारण नाही. मात्र क्षेत्रफळ हे आर्थिक स्थितीचे माप म्हणून फार ढोबळ आहे, कारण नौपाड्यातील ४५० चौरस फुटांच्या सदनिकेची किंमत दिव्यातील त्याहून मोठ्या सदनिकेपेक्षा कितीतरी अधिक असू शकते. ठाणे व कल्याण-डोंबिवलीत कर अजूनही करयोग्य मूल्यावर, म्हणजे मालमत्तेस वर्षभरात मिळू शकेल अशा भाड्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करून उरणाऱ्या रकमेवर, आकारला जातो. ही भाड्याची रक्कम बहुधा पहिल्या आकारणीच्या वेळची असल्याने जुन्या वस्तीतील मोक्याच्या जागा हलक्या आणि शहराच्या कडेला नव्याने घर घेतलेले मध्यमवर्गीय कुटुंब जड, असा उलटा भार तयार होतो. या विषमतेस हात न घालता वरून माफी चढविली, तर विषमता तशीच राहते आणि उत्पन्न तेवढे घटते. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून मिळणारी ४० टक्क्यांची सवलत लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर रद्द झाली आणि २०२३ साली पुन्हा बहाल करावी लागली. कायदेशीर पाया व खर्चाचा हिशेब पक्का नसलेली सवलत शेवटी करदात्यालाच अडचणीत आणते, हे या उदाहरणावरून दिसते.

कल्याण-डोंबिवलीतील २७ गावांची कथा आणखी वेदनादायक आहे. १९८३ साली ही गावे महानगरपालिकेत आली, २००२ साली बाहेर काढली गेली, जून २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली, आणि त्यांतील १८ गावे वेगळी करण्याचा २०२० मधील शासनाचा निर्णय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. हद्द प्रत्येक वेळी राज्य शासनाने बदलली, परंतु पाणी, रस्ते व कचरा यांचा खर्च महानगरपालिकेवर आणि वाढीव देयके ग्रामस्थांवर आली. सेवा मिळण्याआधी शहरी दराने कर का द्यावा, हा ग्रामस्थांचा प्रश्न रास्त आहे आणि कराविना सेवा कशी पुरवावी, हा प्रशासनाचा प्रश्नही रास्त आहे. या पेचाचे उत्तर प्रत्येक गावात जमा झालेला कर आणि त्याच गावात झालेला खर्च शेजारी शेजारी मांडण्यापासून सुरू होऊ शकते, परंतु तसा तक्ता अंदाजपत्रकाच्या पुस्तकात सहजी सापडत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर कल्याण-डोंबिवलीसाठी जाहीर झालेल्या ६,५०० कोटी रुपयांच्या विकास पॅकेजचा हिशेबही अशा तक्त्यात वर्षागणिक दिसावयास हवा होता.

काही सवलती तर सभागृहास विचारल्याविना दिल्या जातात. वाढीव चटईक्षेत्रासाठी विकासकांकडून घेतले जाणारे अधिमूल्य राज्य शासनाने जानेवारी २०२१ मध्ये वर्षअखेरपर्यंत ५० टक्क्यांनी कमी केले. बांधकाम क्षेत्रास उभारी देण्याचा हेतू योग्य धरला तरी त्या अधिमूल्यातील स्थानिक वाटा शहराच्या रस्त्यांचा व जलवाहिन्यांचा होता. शासनाने अशी कोणतीही सूट दिल्यास तिची भरपाई किती व केव्हा मिळणार, हे दोन्ही महासभांनी नगरविकास विभागास ठरावाद्वारे विचारले पाहिजे.

मागणी मर्यादित आणि कायद्याच्या चौकटीतील आहे. प्रत्येक अंदाजपत्रकासोबत सोडून दिलेल्या उत्पन्नाचे विवरणपत्र जोडावे, ज्यात शास्तीमाफी, दरातील सवलत, अधिमूल्यातील सूट आणि शासनाकडून येणे असलेली भरपाई यांच्या रकमा, लाभार्थी वर्ग आणि त्या रकमेमुळे पुढे ढकललेली कामे नमूद असावीत. २००९ साली अधिनियमात समाविष्ट झालेल्या क्षेत्रसभा, म्हणजे काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांच्या सभा, दरवर्षी २० फेब्रुवारीपूर्वी प्रभागनिहाय भराव्यात आणि हे विवरणपत्र तेथे मराठीत, आकड्यांसह वाचून दाखवावे. कारण घनकचरा शुल्कवाढीवरून २०२५ साली कल्याण-डोंबिवलीत उमटलेली नाराजी केवळ रकमेबद्दल नव्हती. निर्णय आधी झाला आणि कारणे नंतर सांगितली गेली, ही तिच्यातील मोठी तक्रार होती. पुढील कोणतीही अभय योजना जाहीर करण्यापूर्वी, मागील पाच वर्षे नियमित कर भरणाऱ्यांना त्याच रकमेतून काय दिले जाणार, याचे उत्तर स्थायी समितीने इतिवृत्तात लेखी नोंदवावे.

ठाणे जिल्ह्यातील एक करदाता नागरिक