वायपर आणि परतीचा करंट

बेळगाव-खानापूर पट्ट्यात ज्यांच्या घरी अजून एखादी पद्मिनी किंवा अम्बॅसॅडर आहे, त्यांना मी काय सांगणार ते लगेच कळेल. आणि अशी घरे अजून आहेत. रविवारी सकाळी दारात जुनी गाडी फडक्याने पुसणारे आजोबा दिसले की ओळखावे. गाडीचे इंजिन ठणठणीत असते, ब्रेक लागतात, पण चोर्ल्याच्या घाटात ढग खाली उतरले की काचेवरचे दांडे अर्ध्या वाटेत उभे राहतात. मग मेकॅनिक येतो, बोनेट उघडतो आणि दोनच शब्द बोलतो, ‘मोटर गेली.’

त्या दोन शब्दांवर वाचकांनी लगेच विश्वास ठेवू नये, एवढ्यासाठी आजचा हा लेख. विषय साप्ताहिकाच्या कुटुंब-पानाला शोभत नाही असे कोणी म्हणेल. पण पावसात गाडीत बसलेले असते ते कुटुंबच.

आधी गाडीविषयी थोडे. वालचंद हिराचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे, जन्म १८८२. विमानांचा कारखाना त्यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरात उभा केला आणि मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला. म्हणजे या माणसाची विमाने कन्नड मुलखात आणि मोटारी मराठी मुलखात! इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट, १०८९ सीसीचे इंजिन. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आपल्यापैकी बहुतेकांनी तिच्यातून प्रवास केला आहे. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची वयोमर्यादा गाठून रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या आहेत त्या घरच्या. आणि घरची गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, त्यासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते. वायपर चालत नसेल तर तिथेच घोडे अडते.

वायपर ही वस्तू तशी साधी. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ मध्ये तिचे पेटंट घेतले. न्यूयॉर्कला बर्फ-पावसात ट्रामचालक खिडकी उघडून बाहेर बघत गाडी हाकतो हे त्यांनी पाहिले होते. त्यांचा वायपर आतून दांडी ओढून हाताने चालवायचा होता. पुढे बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणारे वायपर आले. त्यांची गंमत अशी की घाट चढताना इंजिनावर जोर पडला की ही ओढ कमी व्हायची आणि वायपर नेमका तिथेच मंदावायचा. विजेच्या मोटरने ती अडचण संपवली. पण वीज आली तसे विजेचे आजारही आले.

आता जरा लांब जाऊ. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात बिरसा हे तालुक्याचे गाव आहे. माझी थोरली चुलत बहीण, आमची अक्का, तिथे राहते. आपल्या वाचकांना हा भाग परका वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, त्याच दिवशी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. खाली गोंदिया, वर कान्हाचे जंगल. दोन-तीन भाषा एकाच ओसरीवर बोलल्या जातात, आपल्यासारख्याच. दाजी मूळचे चिकोडीचे. बिरसा तालुक्यातच मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. तिथे इलेक्ट्रिकल विभागात त्यांची सारी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी बिरसातच घर बांधले. कन्नड मात्र त्यांनी सोडलेली नाही. चिडले की हमखास कन्नडच.

दाजींची पद्मिनी १९८६ सालची, सेकंडहँड घेतलेली. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात तिला नवा रंग दिला. त्यानंतरच्या पावसाळ्यापासून वायपर कुरकुरू लागला. मेकॅनिकने मोटर कमजोर झाल्याचे सांगितले. नागपूरहून जुनी पण चांगली मोटर मागवून बसवली. महिनाभर बरे चालले, पुन्हा तेच. गेल्या श्रावणात मी तिकडे गेले होते तेव्हा अक्काला डोळे दाखवायला बालाघाटला नेले. परत येताना बैहरच्या अलीकडे जंगलात अंधार पडला आणि पाऊस कोसळू लागला. दाजींनी हेडलाइट लावले तसे दांडे दमल्यासारखे हलू लागले आणि मग काचेच्या मध्यावर थांबलेच. पुढे काही म्हणजे काही दिसेना. भाचा उतरून छत्री धरून गाडीच्या पुढे चालू लागला. डोळ्यांत औषध घातलेली अक्का मागे बसून सारखी विचारत होती, ‘‘आता काय दिसतंय?’’ एक ट्रक समोरून आला तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो.

‘‘बाबा, आता भंगारात द्या हिला,’’ भाचा घरी आल्यावर म्हणाला. ‘‘मावशी, तू तरी सांग यांना.’’

मी काहीच सांगितले नाही, कारण दाजींचा चेहरा मला दिसत होता. शिवाय वाटेत मला एक गोष्ट दिसली होती. वायपर हलत होता तोवर पेट्रोलच्या मीटरचा काटाही त्याच्याबरोबर नाचत होता. मी ते म्हटले तसे दाजी ताडकन उठले. ‘‘अगं, हे आधी नाही का सांगायचं! मग मोटर कशाला गेली असेल?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जे केले ते जसेच्या तसे सांगते, कारण घरी कोणालाही करता येईल असे आहे. सामान म्हणजे बारा व्होल्टचा छोटा बल्ब दोन वायरी जोडलेला (गॅरेजात याला टेस्ट लॅम्प म्हणतात), एक साधा मल्टिमीटर, हातभर जाड वायर, पॉलिश पेपर.

पहिल्यांदा फ्यूज. या गाडीचे फ्यूज चिनीमातीचे, दोन्ही टोकांना निमुळते. वरची पट्टी शाबूत दिसते, पण टोकाशी हिरवट-पांढरे साचलेले असते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते ना, तीच ही जात. आपल्या कन्नड घरांतून त्याला किलुबु म्हणतात. म्हणून भांड्याला कल्हई करतात, आणि चांगल्या प्रतीच्या गाडीच्या वायरीलाही आतून कथिलाचा मुलामा असतो. फ्यूज काढून दोन्ही टोके आणि पकडी घासल्या. फरक पडला नाही.

मग टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे मोटरकडे येणाऱ्या वायरीला. स्विच चालू केला, बल्ब लागला. म्हणजे करंट मोटरपर्यंत येत होता. बहुतेक मेकॅनिक इथे थांबतात आणि निकाल देतात, ‘करंट येतोय, मोटर फिरत नाही, मोटर गेली.’ दाजी थांबले नाहीत. त्यांनी स्विच तसाच चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन मोटरच्या लोखंडी अंगाला लावली आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला. या दोन जागा एकच असायला हव्यात, म्हणजे आकडा शून्याच्या आसपास हवा. फार तर दोन-तीन दशांश. आकडा आला साडेपाच व्होल्ट!

याचा अर्थ असा. घरातल्या विजेला दोन वायरी लागतात हे आपल्याला माहीत आहे, एक जायची आणि एक यायची. मोटारीत मात्र यायची वायर वाचवलेली असते. करंट वायरीने जातो आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परततो. यालाच गॅरेजात अर्थ म्हणतात. (‘या गाडीला अर्थच नाही’ हे मेकॅनिकचे वाक्य ऐकून माझ्यासारख्या मराठी शिकवणाऱ्या बाईला पहिल्यांदा हसू आवरले नव्हते.) या परतीच्या वाटेतच साडेपाच व्होल्ट खर्च होत होते. बाराच्या बॅटरीतले जेमतेम साडेसहा मोटरच्या वाट्याला येत होते. दिवसा, हलक्या सरीत तेवढ्यावर ती रखडत चालायची. रात्री हेडलाइट लागले, बॅटरीवरचा भार वाढला की तेवढेही उरत नव्हते. आणि पेट्रोलच्या मीटरची परतीची वायर त्याच बोल्टाखाली होती, म्हणून तो काटा नाचत होता.

खात्रीसाठी दाजींनी ती जाड वायर एका टोकाने मोटरच्या अंगाला आणि दुसऱ्या टोकाने बॅटरीच्या ऋण टोकाला धरली. दांडे असे धावले की अक्का ओसरीवरून ओरडली, ‘‘काच फुटेल!’’

राहिला प्रश्न वाट कुठे अडली होती याचा. या गाडीत मोटर रबराच्या बुशांवर बसवलेली आहे, आवाज आणि थरथर कमी व्हावी म्हणून. रबरातून करंट जात नाही. त्यामुळे मोटरच्या अंगापासून बॉडीपर्यंत एक वीतभर तांब्याची पट्टी दिलेली असते. लग्नाच्या वेळी रंगाऱ्याने सगळे सोडवले, बॉडीला छान जाड रंग मारला आणि पट्टीचे टोक त्या रंगावरच बोल्टाने आवळले. बोल्टाच्या आट्यांमधून काय तो थोडासा संबंध उरला होता, तोही पहिल्या पावसाळ्यात गंजला. हा गाडीचा दोष नव्हे आणि नव्या मोटरचा तर नव्हेच. जुनी मोटर दाजींनी बाहेर काढून टेबलावर बॅटरीला जोडून पाहिली, तीही ठणठणीत फिरत होती.

दाजी म्हणाले, ‘‘करंट होतु.’’ आपल्या वाचकांना यातली मजा कळेल. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये याचा अर्थ करंट गेला, आणि मराठी कानाला ऐकू येते ‘करंट होता’. इथे दोन्ही खरे होते.

ज्या डोंगरातून शंभर किलो दगड फोडला तर साधारण किलोभर तांबे हाती लागते, त्या डोंगराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाची गाडी वीतभर तांब्यासाठी अडून बसली होती! बोल्टाखालचा रंग खरवडून लोखंड चकचकीत केले, पट्टीचे टोक घासले, दातेरी वायसर घालून आवळले आणि वरून व्हॅसलिनचा हात दिला, म्हणजे ओल शिरत नाही. व्हॅसलिन आवळून झाल्यावर लावायचे, आधी नाही. पुन्हा मीटर लावला तेव्हा ०.१ व्होल्ट. खर्च शून्य, कारण वायसरही घरातच होते. भाच्याने गाडी पाण्याच्या पाइपाखाली उभी करून हेडलाइट, हॉर्न, वायपर सगळे एकदम लावून अर्धा तास पाहिले. भंगाराचा विषय निदान यंदापुरता तरी मागे पडला.

प्रत्येक वेळी अर्थच असतो असे मात्र नाही. मोटरवर लाकडी दांड्याने हलकेच टकटक केल्यावर ती फिरू लागली तर आतले कार्बन ब्रश झिजलेत असे समजावे. तेवढेच बदलून काम भागते. स्विच बंद केल्यावर दांडे खाली जाऊन न झोपता मध्येच थांबत असतील तर मोटरच्या गिअरमध्ये एक छोटा संपर्क असतो तो बिघडला आहे, किंवा त्याची कायम चालू असणारी वेगळी वायर तुटली आहे. स्विच बंद करूनही थांबतच नसतील तर तोच संपर्क चिकटला आहे.

आणि फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर दांडे जिथे फिरतात त्या खुंट्या पाहाव्यात. तीस-चाळीस वर्षांचे ग्रीस मेणासारखे घट्ट होते, मोटरला ते ओढवत नाही आणि ती जास्त करंट घेते. दांडे आणि जोडकाम सोडवून मोटर मोकळी चालवून बघितली की दोष कोणाचा ते कळते. इथे एक गोष्ट मी रागाने सांगते. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची आपल्याकडे जी सवय आहे ती फार वाईट. फ्यूज वितळला नाही तर मग वायर वितळते, आणि जुन्या वायरीचे आवरण पेट घ्यायला वेळ लागत नाही.

अम्बॅसॅडर किंवा मॉरिस मायनरवाल्यांसाठी आणखी एक. साठच्या दशकापर्यंतच्या ब्रिटिश वळणाच्या कित्येक गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, ऋण नव्हे. वर सांगितलेली तपासणी त्यांनाही लागू आहे, पण बॅटरीची कोणती वायर बॉडीला गेली आहे ते आधी डोळ्यांनी पाहावे आणि ‘ऋण टोक’ जिथे म्हटले तिथे ते टोक धरावे. कोरड्या काचेवर वायपर चालवून बघू नये, काच ओली करून घ्यावी. रबर कडक झाले असेल तर मृगाच्या आधीच बदलावे, कडक रबर ओढताना मोटरची ताकद वाया जाते.