दोघांच्या सफरीचा हिशोब



परदेशात फिरून आलो म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "किती खर्च आला?" दुसरा येतो, "खायचं काय केलंत?" तिसरा प्रश्न फक्त बायका विचारतात, तोही जरा हळू आवाजात, "नमाजचं काय केलंस गं?" या वेळी तिन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. तिसऱ्याला थोडी जास्त जागा लागेल.

आम्हा दोघांपैकी एकाचं घर शहापूरचं, दुसरीचं माहेर मुरबाडचं. लग्नाला चार वर्षं झाली. या चार वर्षांत आमचा सगळ्यात मोठा प्रवास म्हणजे शहापूर ते मुरबाड, मोटरसायकलवर, महिन्यातून एकदा. वाटेत बहुतेक वेळा असरची वेळ होते. रस्त्याला लागून एक मशीद आहे, तिथे आम्ही थांबतो. तो वुजू करून आत जातो. ती गाडीजवळ उभी राहते, पिशवी, हेल्मेट आणि त्याच्या चपला सांभाळत. मुरबाडला पोहोचेपर्यंत मगरिब झालेली असते आणि तिची असर कजा. कोणी अडवलं होतं असं नाही. विचारण्याची पद्धतच नव्हती, म्हणून आम्ही कधी विचारलंही नाही.

फिरायला जायचं ठरलं तेव्हा आमची अट एकच होती, कर्ज काढायचं नाही. हप्त्यावर सफर घडवणारे पुष्कळ आहेत, पण फिरून आल्यावर दोन वर्षं व्याज भरत बसायचं हे आम्हाला पटेना. भिशी लावली, दोन ईदचे कपडे साधे घेतले, आणि हातात पासष्ट हजार जमले. त्यात काय बसतं ते शोधता शोधता क्वालालंपूरवर येऊन थांबलो. 1 डिसेंबर 2023 पासून मलेशियाने भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाची अट काढली आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन एक फॉर्म भरायचा, त्याला पैसे पडत नाहीत. जायच्या आधी व्हिसाचा नियम पुन्हा एकदा तपासून घ्या, कारण अशा सवलतींना मुदत असते. मुंबईहून विमानाने साधारण पाच तास. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे चालतं.

आता वहीतला हिशोब. दोघांचं विमानाचं जाणं-येणं 38 हजार, तेही तीन महिने आधी, आठवड्याच्या मधल्या दिवसाचं तिकीट काढल्यामुळे. पाच रात्रींची खोली 9 हजार. परदेशी पाहुण्याला तिथे खोलीमागे दर रात्री 10 रिंगिट पर्यटन कर द्यावा लागतो, तो यातच धरला आहे. (आम्ही गेलो तेव्हा एक रिंगिट सुमारे वीस रुपयांना पडत होता.) खाणं-पिणं 7 हजार, शहरातला प्रवास साडेचार हजार, सिमकार्ड, संग्रहालयाचं तिकीट आणि किरकोळ मिळून अडीच हजार. एकूण 61 हजार. उरलेल्या चार हजारांत घरच्यांसाठी आणलेलं सामान बसलं.

पैसे कुठे वाचले तेही सांगतो. विमानतळ शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर लांब आहे. जलद रेल्वे अर्ध्या तासात पोहोचवते, पण माणशी 55 रिंगिट घेते. बसला तासभर लागतो आणि तिकीट 15 रिंगिटच्या आसपास. आम्ही बस धरली. शहरात टच एन गो नावाचं कार्ड घेतलं की मेट्रो, लोकल, बस सगळीकडे चालतं. आसनगाव-कसारा लोकलच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला तिथली गर्दी गर्दी वाटतच नाही.

आता दुसरा प्रश्न, खाण्याचा. तिथल्या सरकारी इस्लामी खात्याचा हलाल शिक्का दुकानावर आणि पुड्यावर असतो, तो पाहून घ्यायचा. आमची जेवणं बहुतेक मामाकच्या दुकानात झाली. तमिळ मुसलमानांच्या या खाणावळी, आणि हे नाव तमिळमधल्या 'मामा' या नात्यावरूनच पडलं आहे. कित्येक दुकानं चोवीस तास उघडी. रोटी चनाई म्हणजे आपल्या पराठ्याची चुलत बहीण, सोबत डाळीची वाटी. वरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून फेस आणलेला चहा. दोघांचा नाश्ता दीडशे-पावणेदोनशे रुपयांत व्हायचा. नासी लेमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यावर तिखट सांबल, सुके मासे आणि अंडं. कोकणी घरातल्या माणसाला नारळाचं दूध काही नवीन नाही. सुक्या माशांचा वास आला तसं आम्हाला घर आठवलं.

पहिल्या सकाळी मशीद जामेकला गेलो. गोंबाक आणि क्लांग या दोन नद्या जिथे मिळतात, अगदी त्या टोकावर ही मशीद उभी आहे. क्वालालंपूर या नावाचा अर्थच 'गढूळ पाण्याचा संगम' असा आहे. आमच्या भातसेचं आणि काळूचं पाणीही शेवटी उल्हास नदीलाच मिळतं, त्यामुळे संगम पाहून बरं वाटलं. मशीद 1909 सालची, आर्थर बेनिसन हबॅक या इंग्रज वास्तुकाराने आखलेली. पण घुमट, कमानी आणि लाल-पांढरे पट्टे पाहून वाटतं आपण हिंदुस्थानातच आहोत, कारण त्याने नमुना मोगल इमारतींचाच घेतला होता.

जोहरची अजान झाली तसा तो सवयीने म्हणाला, "तू इथे सावलीत बस, मी येतोच." तेवढ्यात झाडू मारणाऱ्या एका बाईंनी तिला हाताने खूण केली आणि दुसऱ्या दाराकडे बोट दाखवलं. दारावर लिहिलं होतं, 'वनिता'. हा शब्द तिकडे रोजच्या वापरातला आहे, बायकांसाठी. आपला शब्द परक्या देशात मशिदीच्या दारावर वाचून ती क्षणभर थांबली. आत वुजूसाठी नळ, बसायला दगडी ओटे, आणि खुंट्यांवर ओळीने पांढरे तेलेकुंग लटकलेले. तेलेकुंग म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा नमाजचा सैल पोशाख. ज्या बाईने आणला नसेल तिने तो घालावा, नमाज पढावी आणि परत खुंटीला लावावा. ती सफेत उभी राहिली. शेजारी ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घातलेली एक मुलगी होती, पलीकडे भाजीची पिशवी घेतलेली आजी.

बाहेर आलो तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. लग्नाला चार वर्षं झाली, एका अजानला एकाच इमारतीत जाण्याची ही आमची पहिलीच वेळ होती.

त्यानंतर ते रोजचंच झालं. तिथे छोट्या नमाजघराला सुराव म्हणतात. मॉलमध्ये सुराव, मोठ्या स्टेशनवर सुराव, पेट्रोलपंपावर सुराव, आणि पाहिलं तिथे पुरुषांचा एक भाग, बायकांचा एक. 88 मजल्यांचे, 452 मीटर उंच पेट्रोनास टॉवर बघायला गेलो. 1998 पासून 2004 पर्यंत त्या जगातल्या सर्वांत उंच इमारती होत्या आणि त्यांच्या आराखड्याच्या मुळाशी इस्लामी कलेतला आठ टोकांचा तारा आहे. वर जायचं तिकीट महाग, म्हणून गेलो नाही. खालची बाग फुकट आहे, रात्रीची कारंजीही फुकट, आणि बागेतच मशीद आहे. मगरिब तिथे पढलो आणि गवतावर बसून कारंजी पाहिली.

एक दिवस राष्ट्रीय मशिदीत, म्हणजे मस्जिद नगारामध्ये गेलो. 1965 सालची ही इमारत. छत अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखं, मिनार 73 मीटरचा. तो दिवस शुक्रवार होता. जुमा तिच्यावर फर्ज नाही, तरी ती आली. खुतबा मलय भाषेत, एक अक्षर कळलं नाही, पण दुआच्या वेळी 'आमीन' सगळ्यांचं सारखंच. दुसऱ्या पहाटे खोलीजवळच्या मशिदीत फजरला इमामसाहेबांनी दुसऱ्या रकातीत कुनूत पढली. मलय लोक शाफई, कोकणी मुसलमानही शाफई, तेव्हा आमच्यातल्या शाफई घरातल्या माणसाला आपल्याच मोहल्ल्यात असल्यासारखं वाटलं. आमच्यातली हनफी घरातली मात्र सजद्यात जाता जाता परत उभी राहिली. त्यावर आम्ही नाश्त्यापर्यंत हसत होतो.

राष्ट्रीय मशिदीजवळच इस्लामी कला संग्रहालय आहे, 1998 मध्ये सुरू झालेलं. भारत, चीन आणि मलय प्रदेश असे त्यात वेगळे कक्ष आहेत. आमच्या तिकिटाच्या खर्चातला हाच एक मोठा खर्च, आणि तो वसूल झाला. लोकलने बाटू केव्हज्‌लाही गेलो. चुनखडीच्या डोंगरातल्या गुहेत हिंदूंचं मुरुगन मंदिर आहे, वर जायला रंगवलेल्या 272 पायऱ्या. नाणेघाट चढलेल्या माणसाला त्या फार नाहीत, पण तिथल्या दमट उन्हात दम लागतो.

परतीच्या आदल्या रात्री हिशोब लिहिताना लक्षात आलं की आमची सफर स्वस्त पडली ती फक्त बस आणि मामाकमुळे नाही. दिवसभर पायी फिरणाऱ्या माणसाला सावली लागते, पाणी लागतं, स्वच्छ शौचालय लागतं, दहा मिनिटं पाठ टेकायला जागा लागते. पैसेवाला त्यासाठी कॉफीच्या दुकानात शिरतो किंवा टॅक्सी करून हॉटेलवर जातो. आम्हाला हे सगळं मशिदीत मिळालं, आणि दोघांना मिळालं. तिच्यासाठी दार नसतं तर दर नमाजला एकाने बाहेर थांबायचं, किंवा दोघांनी खोलीवर परतायचं, असं करावं लागलं असतं.

घरी आल्यावर अम्मींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय नवल? हजला गेले तेव्हा मी हरममध्ये पाचही वक्त पढत होते. इथे आल्यावरच बंद झालं." आम्ही गप्प झालो. आपल्या कितीतरी अम्मी, दादी मक्का-मदिनेत जमातीने नमाज पढून येतात, आणि गावात परतल्यावर त्यांना मशिदीच्या आतल्या भिंतीचा रंगही ठाऊक नसतो.

घरातली नमाज बाईसाठी अफजल, हे आम्हीही लहानपणापासून ऐकलं आहे आणि त्यावर वाद घालायचा नाही. पण बायकांना मशिदीपासून रोखू नये हेही प्रेषित (स.) यांनीच सांगितलं आहे. जमातीत एखादं मूल रडलं तर त्याच्या आईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून ते नमाज आटोपती घेत, अशी हदीस आहे. म्हणजे आई तिथे होती आणि मूलही होतं. 2019 मध्ये पुण्याच्या एका दांपत्याने याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी 2020 च्या प्रतिज्ञापत्रात म्हटलं की बायकांना मशिदीत नमाजला यायची मुभा आहे, जमातीत येण्याची सक्ती नाही. केरळात कित्येक मशिदींत बायकांचा भाग आहे. मुंबई-पुण्याकडेही काही ठिकाणी आहे.

आमचं मागणं याहून लहान आहे. घरी असलेल्या बाईला घर आहे. रस्त्यात असलेल्या बाईचं काय? शहापूर मुंबई-नाशिक महामार्गावर, मुरबाड माळशेजच्या वाटेवर. रोज किती कुटुंबं इथून जात असतील. कोणी दवाखान्यात निघालेलं, कोणी लग्नाला, कोणी मुलीला परीक्षेला घेऊन. वक्त झाला की मर्द आत जातात आणि बाई गाडीत बसून राहते.

मागच्या खेपेला मुरबाडला जाताना आम्ही त्याच मशिदीपाशी थांबलो. नमाजनंतर जमातीतल्या एका बुजुर्गांना त्याने विचारलं, "चाचा, मागची ती खोली कशासाठी आहे?" ते म्हणाले, "जुन्या चटया आहेत, बंद पडलेला पंखा आहे." मग ती पुढे आली आणि सलाम करून म्हणाली, "चाचा, दार तर मागच्या बाजूला वेगळं आहेच. एक नळ आणि पडदा लावला तर वाटेवरच्या बायकांची नमाज चुकणार नाही. चटया आम्ही येऊन साफ करतो."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मग खोलीकडे. "ट्रस्टच्या मीटिंगमध्ये ठेवावं लागेल," ते म्हणाले. नकार दिला नाही, होकारही दिला नाही. निघताना मात्र त्यांनी विचारलं, "बेटी, आज असर झाली का तुझी?" ती म्हणाली, "नाही चाचा." त्यांनी खिशातून किल्ली काढली.

त्या दिवशी तिने चटयांच्या ढिगाशेजारी, खिडकीतून येणाऱ्या उजेडात नमाज पढली. वुजूला पाणी चाचांच्या नातवाने बादलीत आणून दिलं. मीटिंग अजून व्हायची आहे. नळाचा आणि पडद्याचा खर्च विचारून ठेवला आहे, भिशीचा पुढचा नंबर आमचा आहे.

तुमच्या गावची मशीद रस्त्यावर असेल तर तिच्या मागे अशी एखादी खोली आहे का, ते या जुम्याला पाहून घ्या. आणि तुमच्याकडे बायकांसाठी जागा आधीपासून असेल तर बाहेर रस्त्याकडे तोंड करून एक पाटी जरूर लावा. आमच्यासारखे वाटसरू विचारायला लाजतात.