छातीवरची जागा

सुपेल्यापाशी रेल्वेच्या रुळांनी भिलाईचे दोन भाग होतात. पलीकडे पोलाद कारखान्याची टाउनशिप: आखीव सेक्टर, रुंद रस्ते, झाडे, मैदाने. अलीकडे जी. ई. रोडला बिलगून वाढलेले सुपेला: रविवारचा बाजार, शास्त्री रुग्णालय, खेटून उभी असलेली दुकाने. पलीकडच्या खेळाला पहिल्यापासून वाली होता. अलीकडे रात्रीच्या टेनिस बॉल सामन्यांची साधी स्पर्धा भरवायची तरी दिवे, मंडप, चषक, चेंडू, पंचांचे मानधन यांसाठी पोरांना दुकानोदुकानी हिंडावे लागते. अशा वेळी पान मसाल्याचा एखादा वितरक सगळा खर्च एकट्याने उचलायला तयार होतो. अट एवढीच, की जर्सीवर त्याच्या मालाचे नाव असावे आणि सीमारेषेवर त्याचे बॅनर लागावेत. तो मालही कागदोपत्री तंबाखूचा नसतो. वेलचीचा असतो, नाहीतर मुखवासाचा.

हा पैसा क्लबांनी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वेलचीच्या नावाने घेऊ नये, सोड्याच्या नावाने घेऊ नये, आणि ‘यंदापुरता’ म्हणूनही घेऊ नये.

जर्सीची छाती क्लबने विकायची जागा नव्हे. आत चौदा वर्षांचा मुलगा असतो. त्याला कोणी विचारलेले नसते, आणि विचारले तरी तो नाही म्हणू शकत नाही. नाही म्हटले तर अकरांतली जागा जाईल, हे त्याला पक्के ठाऊक असते. चौदा वर्षांच्या मुलाचे सोडा, सचिन तेंडुलकरलाही ते जमले नव्हते. तंबाखूची आणि दारूची जाहिरात करणार नाही, हा शब्द त्याने वडिलांना, प्राध्यापक रमेश तेंडुलकरांना, दिला होता आणि तो पाळला. १९९६चा विश्वचषक सिगारेटच्या नावाचा होता, विल्स वर्ल्ड कप. त्यात सर्वाधिक ५२३ धावा सचिनने केल्या, त्या कोऱ्या बॅटने. आसपासच्या बॅटांवर सिगारेटच्या ब्रँडची चिठ्ठी असण्याचा तो काळ होता आणि हा फलंदाज एकही चिठ्ठी न लावता खेळत होता. पण बॅट त्याची होती, शर्ट मंडळाचा होता. भारतीय संघाची प्रायोजक विल्स होती, त्यामुळे त्याच सचिनच्या अंगावरच्या शर्टावर तेच नाव होते. बापाला दिलेला शब्द बॅटीपुरता चालला. शर्टाचा सौदा दुसऱ्यांनीच केला होता. म्हणून नकार खेळाडूवर सोपवून भागत नाही. तो क्लबने द्यायचा असतो.

आपल्या आनंदाच्या आठवणीतही सिगारेटचे नाव नकळत शिरले आहे. मार्च १९८५मध्ये मेलबर्नला गावसकरांच्या संघाने पाकिस्तानला हरवून चषक उचलला, रवी शास्त्रीला ऑडी मिळाली, त्या स्पर्धेचे नाव बेन्सन अँड हेजेस. घरोघरी ते नाव कौतुकाने घेतले गेले. सिगारेट कंपनीला याहून जास्त काही नकोच होते.

याचा मुलांवर खरोखर परिणाम होतो का, अशी शंका मैदानावरचे कार्यकर्ते नेहमी काढतात. तिचे उत्तर आपल्याच माणसांनी, गोव्यात, तीस वर्षांपूर्वी शोधून ठेवले आहे. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५च्या भारत-न्यूझीलंड मालिकेनंतर गोव्यातल्या १३ ते १६ वर्षांच्या सुमारे दोन हजार शाळकरी मुलांची पाहणी केली. मालिकेची प्रायोजक विल्स होती. निष्कर्ष १९९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. तंबाखू वाईट, हे या मुलांना चांगले माहीत होते. तरीही सिगारेट आणि चांगला खेळ यांचा काहीतरी संबंध आहे, असा खोटा समज त्यांच्या मनात रुजला आणि तंबाखू चाखून पाहण्याची शक्यता त्यामुळे वाढली. शाळेत फळ्यावर शिकवलेले ज्ञान मैदानावरच्या एका नावापुढे टिकले नाही. ज्या क्लबांना वाटते, की पोरे हुशार आहेत, फलकाकडे बघतही नाहीत, त्यांनी गोव्याच्या त्या मुलांचा विचार करावा. तीही हुशारच होती.

आणि आपण गोव्यात नाही, छत्तीसगडमध्ये आहोत. इथे गुडाखू आहे: तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने बायाबापड्या तो हिरड्यांना लावतात आणि आईचे बोट पाहून मुलेही लावतात. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले, छत्तीसगडमध्ये ३९.१ टक्के. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मग पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी अशी जोडी पानठेल्यावर टांगली गेली. दोन्ही फाडून एकत्र केल्या की झाला गुटखा. ज्या ब्रँडची पहिली पुडी, त्याच ब्रँडची वेलची. जर्सीवर नाव छापले जाते ते या वेलचीचे, पण ज्याला ते वाचून आठवायचे त्याला पुडीच आठवते. हे देणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्यालाही माहीत असते.

कायदा यावर गप्प नाही. २००३च्या तंबाखूविरोधी कायद्याच्या पाचव्या कलमात प्रायोजकत्व, भेट, बक्षीस किंवा शिष्यवृत्तीच्या बदल्यात तंबाखूच्या उत्पादनाची वा ब्रँडची भलामण करण्याला मनाई आहे. हा कायदा येणार अशी चाहूल लागताच, २००१मध्येच, विल्सवाल्या आयटीसीने क्रिकेटमधून अंग काढून घेतले. पण पहिल्या गुन्ह्याला शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. हजार रुपये! सुपेल्यातल्या एका संध्याकाळच्या मंडपाचे भाडे याहून जास्त होईल. २०२२मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आडून केलेल्या जाहिरातींवरही मनाई घातली. तरी आयपीएलच्या पडद्यावर चंदेरी वेलची चमकत राहिली आणि तिच्या जाहिरातीत सुनील गावसकर, कपिल देव, वीरेंद्र सेहवाग दिसले. ज्या गावसकरांनी हेल्मेटशिवाय वेगवान गोलंदाजी छातीवर झेलली, त्यांना तिथे पाहणे आमच्या पिढीला फार जड गेले. मार्च २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांना आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून, तंबाखू-दारूच्या उघड आणि आडून येणाऱ्या जाहिराती थांबवा, अशी विनंती करावी लागली. जे काम मंडळाने लाजेने करायला हवे होते ते सरकारी पत्राने सांगावे लागले.

दारूचे तेच. १९९८पासून कोलकात्याचे दोन थोर क्लब मॅकडॉवेल मोहन बागान आणि किंगफिशर ईस्ट बंगाल या नावांनी खेळले. जुन्या परंपरेपुढे बाटलीचे नाव लागले आणि गॅलरीतली लहान मुले तेच नाव ओरडू लागली. पुढे या नावांमागची दारू कंपनी बाजूला झाली, तेव्हा क्लबांना पुन्हा नवे दार शोधावे लागलेच. असा पैसा कायम टिकतो असेही नाही.

या यादीत जुगार आम्ही मुद्दाम घालतो. भिलाईला तो शिकवायला नको. ज्या महादेव ॲपच्या सट्ट्याचा तपास सक्तवसुली संचालनालय करते आहे, त्याची मुळे याच शहरात आहेत; ज्यूसच्या दुकानापासून दुबईपर्यंतची ती गोष्ट इथे प्रत्येकाला तोंडपाठ आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने ते ॲप बंद केले. ऑगस्ट २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि राष्ट्रीय संघाच्या छातीवरून ड्रीम इलेव्हन उतरले. काही आठवड्यांत टायर कंपनी आली. भारतीय क्रिकेट फार दिवस उपाशी राहिले नाही.

‘तुमचा संघ भारताचा आहे, आमचा सुपेल्याचा,’ असे पोरे म्हणतील, आणि ते खरे आहे. टायर कंपनी सुपेल्याला येणार नाही. मग पैसा कुठून?

या प्रश्नाला भिडण्याआधी रुळांच्या पलीकडे पाहावे. राजेश चौहान भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला होता. भारताकडून २१ कसोटी खेळला, त्यांतली एकही भारत हरला नाही. सेक्टर एकच्या पंत स्टेडियमवर राजेश पटेल यांनी कारखान्याच्या आधाराने मुलींना बास्केटबॉल शिकवले. २०१८मध्ये ते गेले, पण साध्या घरांतल्या त्यांच्या मुली भारताच्या संघापर्यंत पोहोचल्या होत्या. कोणाच्याही छातीवर पुडी नव्हती. मैदान, प्रशिक्षक आणि नोकरीची आशा, एवढ्यावर ते घडले. कारखान्याचे मनुष्यबळ आता पूर्वीइतके नाही, हात आखडला आहे, आणि रुळांच्या अलीकडे तो हात कधी नीट पोहोचलाच नाही. ही उणीव सरकारने भरायची आहे, पान मसाल्याने नव्हे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९८७ साली हे करून दाखवले. तंबाखूवर वेगळा कर बसवला, त्यातून एक निधी उभा केला आणि सिगारेट कंपन्यांच्या प्रायोजकत्वाची जागा त्या निधीने घेतली. क्लबांना पैसा मिळत राहिला, फलकावर आरोग्याचा संदेश आला. छत्तीसगडला हे अवघड नाही. २०१७पासून इथे दारू सरकारचेच महामंडळ विकते. त्या गल्ल्यातला लहानसा वाटा वस्त्यांतल्या मैदानांना द्यावा. तोही दारूचाच पैसा, असे कोणी म्हणेल. पण करातून आलेल्या पैशाला नाव नसते आणि तो मुलाच्या छातीवर चढत नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात खेळाचे प्रशिक्षण सामाजिक जबाबदारीच्या कामांत मोडते. औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांकडे क्लबांनी रीतसर अर्ज घेऊन जावे. आजवर फार थोडे गेले असतील.

राहिला थंड पेयांचा आणि कुरकुऱ्यांचा प्रश्न. इथे रेषा तितकी सरळ नाही, हे आम्ही मान्य करतो. ज्या सचिनने सिगारेट नाकारली तो पेप्सीच्या जाहिरातीत होता. त्या काळी साखरेकडे कोणी तसे पाहतही नव्हते. पण २००१मध्ये ऑल इंग्लंड जिंकून आलेल्या गोपीचंदने, मी स्वतः पीत नाही, म्हणून कोलाची जाहिरात नाकारली, आणि त्याला तेव्हा पैशांची ददात नव्हती असे मुळीच नाही. आमचे म्हणणे असे: मुलांच्या स्पर्धांना कोला आणि पाकीटबंद खाऊच्या कंपन्या नकोत, मोठ्यांच्या स्पर्धांचे क्लबांनी ठरवावे. बाजारातल्या समोसेवाल्याने चार बक्षिसे दिली तर ती आनंदाने घ्यावीत. त्याला नाकारण्याइतके सोवळे कोणी पाळू नये.

क्लबांनी हे आधीच लिहून ठेवावे. प्रायोजक दारात उभा असताना घेतलेला निर्णय कधी बरोबर येत नाही. हिशेबाची वही उघडी असते आणि चषकाची ऑर्डर गेलेली असते. घटनेत एक कलम घालावे: तंबाखू, पान मसाला, दारू, सट्टा आणि त्यांच्या नावांनी विकला जाणारा कोणताही माल, यांचा पैसा घेणार नाही. सभेत वाचून दाखवावे, पालकांना बोलवावे. भिलाई नगर निगमने मैदानाच्या परवानगीपत्रातच ही अट छापावी आणि त्या बदल्यात मैदानाचे भाडे व विजेचा आकार माफ करावा. अट घालायची आणि बिलही पाठवायचे, असे करू नये.

एखाद्या हंगामात पैसे कमी पडतील. मग दिवे नकोत, मंडप नको, रविवारी सकाळी उन्हे चढायच्या आत सामने लावावेत आणि जर्सी कोरी ठेवावी.