मोतद्दाराचा हात

आमच्या दाभोळच्या धक्क्यावर उभें राहिलें असतां आज कोणास घोड्यांची आठवण होणार नाहीं. परंतु पंधराव्या शतकांतील रशियन प्रवासी अफनासी निकितीन यानें लिहून ठेविलें आहे कीं, दाभोळ हें मोठें बंदर असून अरबस्तान, खुरासान इत्यादि देशांतून येथें घोडे येत. तो काळ गेला. आतां येथून बाहेर जातात तीं आमचीं माणसें.

कोंकणची जमीन थोडी आणि खडकाळ. भात झोडून झालें कीं पुष्कळांच्या हातांस काम उरत नाहीं. म्हणून थोरला भाऊ मुंबईस जातो आणि बस्तान बसलें कीं धाकट्यास बोलावून घेतो. कित्येक पिढ्या ही वाट गिरण्यांकडे जात असे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लक्ष कामगारांची रोजी थांबली. तेव्हां ज्यास जें काम मिळालें तें त्यानें पत्करिलें.

अशा वेळीं कोणी दोघे भाऊ महालक्ष्मीस शर्यतीच्या घोड्यांची चाकरी करूं लागले, तर गांवांत नाकें मुरडलीं जातात. काम हलकें आणि जागा जुगाराची, असे दोन आक्षेप घेतले जातात.

पैज लावणें वाईटच; त्यापायीं घरेंदारें बुडालीं आहेत. परंतु पैजेचा पैसा निराळा आणि घामाची भाकरी निराळी. मोतद्दार पहांटे उठतो, दाणापाणी करितो, खरारा करितो, खूर तपासतो, आणि दौडून आलेल्या जनावरास घाम सुकेपर्यंत हळूहळू फिरवितो. घोड्याचा पाय किंचित् ऊन लागला तरी तें प्रथम त्याच्या हातास कळतें. १९४३ सालीं पहिली इंडियन डर्बी ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनें जिंकिली. तिचें नांव राहिलें. तिला खरारा करणारा कोण, हें कोणी विचारीत नाहीं. म्हणून त्याचें काम हलकें कसें ठरतें? प्रभु येशू स्वतः सुताराच्या घरीं वाढले, हें आपण विसरूं नये.

आमचें दुःख निराळेंच आहे. थोरल्यामागून धाकट्यासही शाळा सोडावी लागते, आणि बहिणीची शाळा तर बहुधा सर्वांच्या आधीं सुटते. पालकांस आमची विनंती अशी कीं, एकाच्या कष्टांवर दुसऱ्याचें शिक्षण उभें राहूं द्यावें. दोघांचेंही एकदम मोडूं नये, आणि त्या हिशेबांत मुलीस वगळूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमची फी ज्या हातांनीं भरली त्यांस कदाचित् तबेल्याचा वास येत असेल. सुटींत तो भाऊ घरीं येईल, तेव्हां त्याचा धंदा चारचौघांत सांगण्यास लाजूं नका. आणि त्याची सुटलेली पुस्तकें रात्रीं त्याच्याबरोबर बसून पुन्हा उघडा. ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाहीं.