छोटी रेल्वे बंद होते, तेव्हा नेमकं काय बंद होतं?

सुपा पुणे-अहिल्यानगर महामार्गावर आहे. एमआयडीसी आहे, परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत, रात्रंदिवस कंटेनरची वर्दळ आहे. रेल्वे मात्र नाही. गाडी पकडायची तर आधी नगर गाठायचं. तिथून पुण्याची गाडी मिळाली, तरी ती दौंडला वळसा घालूनच जाणार.

हा वळसा आजचा नाही. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तो नगरकरांना पुण्याला नेण्यासाठी नव्हताच. मुंबईहून निघणाऱ्या दोन मोठ्या मार्गांना जोडणारा तो दुवा होता. १८७६-७७ च्या दुष्काळात मातीकामावर जिल्ह्यातले दुष्काळग्रस्त मजूर राबले. पुणे-नगर थेट मार्ग राहून गेला. तो सुपा, रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यातून व्हावा, ही मागणी आजही आहे.

म्हणजे इथे लोक कधीच नसलेली रेल्वे मागतायत. त्याच महाराष्ट्रात यवतमाळ, अचलपूर, जामनेरमध्ये लोक असलेली रेल्वे गेली म्हणून हळहळतायत. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या, तर ‘तोट्यातली गाडी बंद’ या सरळ दिसणाऱ्या निर्णयात काय काय दडलंय ते कळतं.

शकुंतला: बंद झाली की बंद पडू दिली?

विदर्भातली ‘शकुंतला’ म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी नॅरोगेज गाडी. मूर्तिजापूर हे तिचं मधलं ठाणं. एक फाटा यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने हे रूळ टाकले. वाफेचं इंजिन थेट १९९४ पर्यंत चाललं.

शकुंतलेबद्दल सोशल मीडियावर एक दावा सतत फिरतो: ‘भारत आजही ब्रिटिशांना रॉयल्टी देतो.’ ऐकायला चटकदार, पण अर्धवट. कंपनी ब्रिटिशकाळातली खरी, मात्र पुढे किलिक निक्सन भारतीय मालकांकडे आली. मुद्दा ब्रिटिशांचा नव्हता. रूळ कंपनीचे, गाडी आणि कर्मचारी मध्य रेल्वेचे, अशी ती व्यवस्था होती. अशा दुहेरी मालकीत रुळांची दुरुस्ती मागे पडणं नवल नाही.

रूळ खराब म्हणून वेग कमी. ७६ किलोमीटरला चारेक तास. वेग कमी म्हणून दिवसाला एकच फेरी. एकच फेरी म्हणून ज्याला शक्य तो एसटीकडे वळला. मग प्रवासी कमी, म्हणून गाडी परवडत नाही. आधी यवतमाळची गाडी थांबली, मग अचलपूरची. शेवटपर्यंत तिच्यात बसणारे होते ते स्वस्त तिकिटाशिवाय पर्याय नसलेले शेतमजूर आणि बाजारकरू. फोटो काढायला येणारे वेगळे.

इथेच आठवणींची एक अडचण आहे. त्या इंजिनावर, शिट्टीवर, जुन्या स्टेशनवर प्रेम करतात. सकाळी आठला बाजाराच्या गावी पोचवणाऱ्या गाडीबद्दल फारसं बोलत नाहीत. माथेरानची गाडी पर्यटकांमुळे टिकून आहे, आणि ते चांगलंच आहे. पण मूर्तिजापूरला माथेरान करणं हा तिथल्या प्रवाशाच्या प्रश्नावरचा इलाज नाही.

ब्रिटनने हिशेब केला, पण कशाचा?

ग्रामीण रेल्वे बंद करण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ब्रिटनचं. मार्च १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी अहवाल दिला. एक तृतीयांश मार्गांवर जेमतेम एक टक्का प्रवासी, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी २,३६३ स्थानकं आणि सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग बंद करण्याची शिफारस केली. त्यातलं बरंचसं अमलात आलं.

आकडे खोटे नव्हते. पण खेड्यातल्या स्टेशनवर चढणारा माणूस पुढे मुख्य मार्गावर लंडनची गाडी पकडतो, त्याचं तिकीट कोणत्या मार्गाच्या खात्यात धरायचं? फाटा बंद झाल्यावर तो बसने जंक्शनला येईल, असं गृहीत धरलं गेलं. अनेकांनी थेट मोटार घेतली. रेल्वे पुढेही तोट्यातच राहिली.

आणि परतीची किंमत? स्कॉटलंडमधला वेव्हर्ली मार्ग १९६९ मध्ये बंद झाला. त्याचा एडिंबरा ते ट्वीडबँक हा जेमतेम ५० किलोमीटरचा तुकडा २०१५ मध्ये पुन्हा सुरू करायला ३० कोटी पौंडांहून जास्त लागले. मधल्या काळात जागेवर घरं, रस्ते आले होते. रूळ उखडणं परवडतं. सलग जमिनीची पट्टी हातची जाणं परवडत नाही.

आपल्याकडे ‘बंद’ म्हणतच नाहीत

भारतात बीचिंगसारखा जाहीर अहवाल निघत नाही. गाडी ‘तात्पुरती स्थगित’ होते. पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली, ती त्या रूपात परतलीच नाही. तिथे निदान ब्रॉडगेज आणि बोदवडपर्यंत विस्ताराला मंजुरी मिळाली. बार्शी लाईट रेल्वेचं नशीब याहून चांगलं. १८९७ मध्ये सुरू झालेली ती नॅरोगेज टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली आणि तसं करताना लातूरची वाट वळवून धाराशिवला नेली. जुन्या गाडीसाठी रडणारे तिथेही असतील, पण गावांच्या हाती गाडी राहिली.

तिकिटांचा हिशेब किती फसवा असू शकतो, याचं उदाहरण नगरच्या शेजारीच आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. पहिली गाडी धावली सप्टेंबर २०२२ मध्ये, तीही आष्टीपर्यंत, ६६ किलोमीटर. ज्यांना बीडला जायचंय ते आष्टीला उतरून काय करतील? त्या अर्ध्या मार्गाच्या तिकिटांवर निकाल लावला असता, तर सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला गाडी पोचलीच नसती.

२८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी यवतमाळच्या कार्यक्रमातून दोन तुकड्यांचं उद्घाटन केलं: वर्धा-कळंब आणि न्यू आष्टी-अंमळनेर. यवतमाळला ब्रॉडगेज येतेय, पण वर्ध्याकडून. शकुंतलेच्या वाटेवरच्या अनेक गावांना तिचा उपयोग नाही.

सुप्यापुढचा प्रश्नही असाच आहे. थेट मार्ग झाला तर सुप्यात प्रवासी स्थानक असेल की फक्त कारखान्यांसाठी मालधक्का? असेल तर पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या वेळेला गाडी थांबेल का? महामार्गालगत गोदामं आणि प्लॉट वाढतायत, त्यामुळे जमीन दरवर्षी महागतेय. हे प्रश्न सर्वेक्षण चालू असतानाच विचारावे लागतात. नंतर थांबा मिळवायला निवेदनं देत फिरावं लागतं.