आधारचा बारावा आकडा

बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या मुलांना ‘ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा’, म्हणजे अमूर्त बीजगणित, लागले की घरोघरी एकच प्रश्न निघतो: याचा उपयोग काय? शाळेतल्या बीजगणितात निदान क्ष ची किंमत काढायची असते. इथे ग्रुप, रिंग, फील्ड यांच्या व्याख्या आणि त्यांवरची प्रमेये. बरीच मुले गाईड पाठ करतात, पेपर लिहितात आणि निकालाबरोबर विषय विसरून जातात. प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीवर मिळते.

सकाळची रांग लांबलेली असते आणि आतला कारकून भराभर आधार क्रमांक टाइप करत असतो. आकडे लिहिताना माणसाच्या हातून दोन चुका वारंवार होतात. एखादा आकडा चुकतो, किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडतात आणि ४७ चे ७४ होतात. रुग्णालयात अशी चूक कागदावरच थांबेल असे नाही. एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर चढला, तर ती जिवावर बेतू शकते.

आधारच्या १२ आकड्यांपैकी शेवटचा आकडा या चुका पकडण्यासाठीच असतो. आधीच्या ११ आकड्यांवरून तो एका ठरावीक हिशेबाने काढलेला असतो. टाइप करताना चूक झाली की हिशेब जुळत नाही आणि संगणक क्रमांक नाकारू शकतो. या हिशेबाच्या मुळाशी आहे तो ‘ग्रुप’, आणि तो समजायला सोलापूरकरांना सात रस्ता पुरेसा आहे.

संगमेश्वर महाविद्यालयाच्या मुलांना हा भाग रोजचाच. चौकाला नावाप्रमाणे सात रस्ते फुटतात असे धरू. एका रस्त्यापासून निघून चौकाभोवती तीन रस्ते पुढे गेले आणि मग आणखी पाच, तर सात रस्त्यांचा फेरा पूर्ण होऊन माणूस मूळ जागेच्या एकच रस्ता पुढे येतो. दोन चाली जोडल्या की या सातांपैकीच एक चाल हाती येते. जागेवर थांबणे हीही एक चाल, आणि प्रत्येक चाल रद्द करणारी उलट चाल आहेच. चालींच्या अशा संचाला ग्रुप म्हणतात. पाठ करताना घाम फोडणारी व्याख्या एवढीच आहे.

आकडे दहा, म्हणून दहा रस्त्यांचा चौक घ्यावा, असे कोणालाही वाटेल. औषधाच्या खोक्यावरच्या नेहमीच्या बारकोडाचा हिशेब तसाच असतो. एक सोडून एक आकड्याला ३ ने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती दहाने निःशेष भागली जाईल असा शेवटचा आकडा ठेवायचा. चुकलेला एक आकडा तो हमखास पकडतो. पण शेजारच्या १ आणि ६ किंवा २ आणि ७ यांची, म्हणजे पाचाचा फरक असलेल्या आकड्यांची, अदलाबदल झाली तर ती त्यातून निसटते. यात कोणाची हयगय नाही. दहा रस्त्यांच्या चौकातल्या हिशेबाने, एकाच जादा आकड्यावर, दोन्ही प्रकारच्या सगळ्या चुका पकडता येतच नाहीत, हे सिद्ध करता येते.

मग दुसरा ग्रुप शोधावा लागतो. पुठ्ठ्याचा सुसम पंचकोन घेतला, तर तो पाच प्रकारे फिरवता आणि पाच प्रकारे उलटता येतो. याही चाली दहाच, पण इथे क्रमाला किंमत आहे. आधी फिरवून मग उलटला आणि आधी उलटून मग फिरवला, तर पंचकोन वेगळा बसतो. रुग्णालयात हे कोणाला नवे नाही. हात धुऊन ग्लोव्ज घालणे आणि ग्लोव्ज घालून हात धुणे एक नव्हे. याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये याच ग्रुपवर आधारलेली पद्धत मांडली. एका आकड्याची प्रत्येक चूक आणि शेजारच्या आकड्यांची प्रत्येक अदलाबदल ती पकडते. आधारचा बारावा आकडा याच पद्धतीने निघतो.

ग्रुपच्या कल्पनेचा पाया घालणारा फ्रेंच गणिती एव्हारिस्त गाल्वा १८३२ मध्ये, वयाच्या २० व्या वर्षी, द्वंद्वयुद्धात गेला. त्याला समीकरणे केव्हा सुटतात एवढेच शोधायचे होते. उपयोग दाखवल्याशिवाय शिकवायचेच नाही असे पुढच्या पिढ्यांनी ठरवले असते, तर व्हरहूफ यांच्या हाती हे हत्यार आलेच नसते. त्यामुळे या विषयाला निरुपयोगी म्हणणे चूक आहे. पण तो कशाला लागतो हे न सांगता नुसती प्रमेये उतरवून देणे, हीही तितकीच मोठी चूक आहे.

रुग्णालयांनीही यातून घेण्यासारखे आहे. केसपेपरचे किंवा तपासणीच्या नमुन्यांचे क्रमांक नुसते ओळीने पडत असतील, तर चुकून लिहिलेला क्रमांकही कोणा ना कोणा रुग्णाचा असतोच, आणि चूक ओळखू येत नाही. शेवटी एक तपासणी-आकडा जोडला की त्यांतल्या बहुतेक चुका खिडकीवरच अडतील. त्यासाठी लागतो दहा बाय दहाचा एक तक्ता आणि थोडे प्रोग्रामिंग. बी.एस्सी.च्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून याहून चांगले काम कोणते?

अर्थात, हा आकडा सर्वज्ञ नाही. क्रमांक अचूक असून तो भलत्याच माणसाचा असेल, तर गणित गप्प बसते. म्हणून रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी सिस्टरनी रुग्णाला त्याचे नाव विचारायचे, ते विचारायचेच.