सेन्सर आपोआप जोडले जावेत, पण यादीवर सही माणसाची हवी

लातूरच्या उद्योग भवन परिसरातल्या शिकवण्यांच्या इमारती, नांदेडच्या डॉक्टर लेनमधली रुग्णालये, दोन्ही शहरांतली वसतिगृहे आणि अपार्टमेंट, सगळीकडे आता लिफ्ट आली आहे. देखभाल करणारा मेकॅनिक मात्र एकटाच दोन-तीन तालुके सांभाळतो आणि कंट्रोल पॅनलमध्ये काही मोठे बिघडले तर माणूस हैदराबादहून किंवा पुण्याहून येण्याची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी ‘सेन्सर बदला, वायर जोडा, बाकीचे कंट्रोलर आपोआप करून घेईल’ असे सांगणारी यंत्रणा कोणी समोर ठेवली, तर सोसायटीला ती हवीशी वाटणारच. ती घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणत्या अटींवर, याचा विचार आताच व्हायला हवा.

जुन्या लिफ्टचे सेफ्टी सर्किट म्हणजे दिव्यांची माळ. प्रत्येक मजल्याच्या दाराचे लॉक, वेगावर लक्ष ठेवणाऱ्या गव्हर्नरचा स्विच, वरची-खालची लिमिट, तळाच्या खड्ड्यातला म्हणजे पिटमधला स्टॉप, सगळे संपर्क एकामागे एक जोडलेले. एक तुटला की लिफ्ट जागच्या जागी थांबते. ही रचना साधी आहे आणि म्हणूनच इतकी दशके टिकली. तिची अडचण एवढीच, की लिफ्ट का थांबली हे ती सांगत नाही. पावसाळ्यात पिटमध्ये पाणी साचले, उंदराने वायर कुरतडली, चौथ्या मजल्याच्या लॉकमध्ये धूळ बसली, तरी पॅनलवर दिसते ते सारखेच. मेकॅनिक मजल्यामागून मजला तपासत बसतो. खाली लोक खोळंबलेले असतात, रुग्णालय असेल तर स्ट्रेचर थांबलेले असते, आणि मग पॅनलमधल्या दोन टर्मिनलवर वायरचा एक तुकडा लागतो. त्याला जंपर म्हणतात. लिफ्ट चालू होते. तो तुकडा काढायचा राहून गेला, तर दार उघडे असतानाही लिफ्ट धावते.

लिफ्टची भीती म्हटली की लोकांना दोर तुटल्याचे चित्र दिसते. पण दोर तुटला तरी लिफ्टला रुळांवरच पकडून धरणारी यांत्रिक व्यवस्था एलिशा ओटिसने 1854 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर करून दाखवली होती आणि आजच्या लिफ्टमध्येही तिचेच सुधारलेले रूप असते. आपल्याकडच्या बातम्यांत वारंवार येतो तो प्रसंग वेगळा असतो: दार उघडले, समोर लिफ्ट नव्हती आणि माणूस सरळ शाफ्टमध्ये गेला. म्हणजे प्रश्न दाराच्या लॉकचा आणि ते लॉक खरोखर जोडलेले आहे की नाही याचा आहे.

नव्या पद्धतीत प्रत्येक सेन्सरला स्वतःचा पत्ता असतो आणि सगळे एकाच डेटा वायरवर कंट्रोलरशी बोलतात. पूर्वी हे पत्ते मेकॅनिक छोट्या स्विचांनी हाताने लावायचा आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याची अदलाबदल सहज व्हायची. आता लिफ्ट एकदा तळापासून माथ्यापर्यंत सावकाश फिरवतात. कोणता सेन्सर कोणत्या उंचीवर उत्तर देतो ते कंट्रोलर टिपून घेतो आणि त्यावरून यादी तयार होते. नंतर बिघाड झाला की पॅनलवर मजल्यासकट नाव येते. मेकॅनिकचे शोधण्याचे तास वाचले की जंपर लावण्याचा मोहही कमी होतो. माझ्या मते या तंत्राचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. सुरक्षेचे काम प्रोग्राम होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सवर सोपवता येईल का, ही शंकाही जुनी झाली. युरोपच्या लिफ्ट मानकाने 2005 मधल्या दुरुस्तीत त्याला कडक अटींसह जागा दिली.

मग अडचण कुठे आहे? यादी कोणी केली, यात आहे. कंट्रोलरने शाफ्टमध्ये जे सापडले ते लिहून घेतले. जे त्या दिवशी जोडलेलेच नव्हते, ते त्याला आढळणार कसे? एकदा यादीत आलेला सेन्सर पुढे गायब झाला तर लिफ्ट थांबेल. पहिल्याच दिवशी जो यादीत नव्हता, त्याची आठवण यंत्राला कधीच होणार नाही.

दाराचे लॉक राहून गेले तर रोजच्या वापरात ते निदान कोणाच्या तरी लक्षात येण्याची शक्यता असते. जे सेन्सर वर्षानुवर्षे कामच करत नाहीत, त्यांचे काय? मराठवाड्यासाठी भूकंपाचा सेन्सर हे त्याचे ठळक उदाहरण. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, सुमारे दहा हजार माणसे गेली आणि पुढे देशाच्या भूकंप नकाशात या भागाचा धोका वरच्या श्रेणीत धरला गेला. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोलीतल्या 4.5 तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडमध्ये लोक घराबाहेर आले. हादरा जाणवताच लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबवून दार उघडणारा सेन्सर या नव्या पद्धतीत जोडणे सोपे आहे, ही जमेची बाजू. पण तो बसवण्याच्या दिवशीच सुटला, तर ते कळायला पुढचा भूकंप यावा लागेल.

म्हणून कंट्रोलरने काय सापडले ते सांगावे, आणि काय सापडायला हवे होते ते आधीच कागदावर लिहिलेले असावे. दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्याशिवाय लिफ्ट प्रवाशांसाठी खुली होऊ नये. त्यानंतर मेकॅनिकने त्रिकोणी चावी घेऊन प्रत्येक मजल्यावर जावे, दार उघडावे आणि पॅनलपाशी उभ्या असलेल्या सोबत्याने तोच मजला स्क्रीनवर आला का ते मोठ्याने सांगावे. सात मजल्यांच्या इमारतीत या कामाला फार तर एखादा तास लागेल. सेन्सर बदलल्यावरही तेच. कंट्रोलरने नवा सेन्सर ओळखावा, पण माणसाने मंजुरी देईपर्यंत लिफ्ट बंदच ठेवावी. कंपन्या म्हणतील, मग आपोआपपणाचा वेळ वाचला कुठे? पत्ते लावण्यात आणि बिघाड शोधण्यात तो वाचलेलाच आहे. पडताळणीतला वेळ वाचवायचा नसतो.

दुसरी अट पासवर्डची. सेन्सरची यादी उघडण्याचा पासवर्ड फक्त बसवणाऱ्या कंपनीकडे असेल, तर देखभालीचा करार दुसऱ्याला देण्याची सोय सोसायटीला उरत नाही. कंपनीने गाशा गुंडाळला तर चांगली लिफ्टही अडून बसते. पासवर्ड कोणाच्याही हाती पडावा असेही नाही, ही कंपन्यांची बाजू रास्त आहे. तो सीलबंद पाकिटात इमारतीच्या मालकाकडे असावा आणि वापरला की नोंदवहीत तारीख व सही यावी.

महाराष्ट्रात लिफ्टसाठी 1939 पासून कायदा आहे. 2017 च्या कायद्याने सरकते जिने आणि सरकते पट्टेही त्याच्या कक्षेत आणले. विद्युत निरीक्षकांनी तपासणीच्या वेळी ही जुळवलेली यादी मागायला सुरुवात केली, तर नवा कायदा न करताही बरेच साधेल. सोसायटीच्या अध्यक्षांनी आणि वसतिगृहांच्या मालकांनी देखभालीचा पुढचा वार्षिक करार (एएमसी) करण्याआधी मेकॅनिकला पॅनल उघडायला सांगावे, आत जंपर नाही ना ते स्वतः पाहावे आणि सेन्सरची सही केलेली यादी हातात आल्याशिवाय करारावर सही करू नये.